बँकेतून नाण्यांचे रोल आणून चांदी शोधायची: इथे कुणी करतं का?

चिल्लरबाज (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा काढू की नको यात दोन महिने गेले. घरात या प्रकाराला "बाबांचं वेड" असं अधिकृत नाव पडलेलं आहे. पण परवा बँकेच्या रांगेत माझं फोनवरचं बोलणं ऐकून मागच्या गृहस्थांनी मराठीतच विचारलं, "एवढे सुटे कशाला लागतात हो, दुकान आहे का?" त्यांना दोन वाक्यांत सांगता येईना. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मी ओहायोत शिकायला आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या तळघरात नाण्यांवर चालणारी कपड्यांची मशिनं होती. दर पंधरवड्याला बँकेतून दहा डॉलरचा क्वार्टरचा (२५ सेंटच्या नाण्यांचा) कागदात गुंडाळलेला रोल आणायचा हा आम्हा चौघा रूममेट्सचा नेम. एकदा एक क्वार्टर मशीन घेईचना. टाकला की खालून खळ्ळकन बाहेर. चार वेळा टाकला, चार वेळा परत. वैतागून ट्यूबलाइटखाली धरला तर सन १९६२, आणि कडेला एरवी जी तपकिरी रेघ दिसते ती नाहीच. कड अख्खी पांढरी. मशीनचं काही चुकलं नव्हतं. त्याला जो धातू ओळखायला शिकवला होता, तो या नाण्यात नव्हता. ते चांदीचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत १९६४ सालापर्यंतचे डाइम (१० सेंट), क्वार्टर आणि हाफ डॉलर (५० सेंट) ९० टक्के चांदीचे. पुढे चांदी महाग होत गेली, नाण्यातल्या धातूची किंमत नाण्यावरच्या आकड्याला गाठायला आली, लोक नाणी दडवू लागले आणि बाजारात सुट्ट्यांचे हाल झाले. २३ जुलै १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली. डाइम आणि क्वार्टरमधून चांदी पार गेली. आत तांबं आणि दोन्ही बाजूंनी तांबं-निकेलचा पत्रा असं सँडविच आलं. कडेला दिसते ती रेघ त्याच तांब्याची. हाफ डॉलरमध्ये मात्र ४० टक्के चांदी ठेवली, ती १९७० पर्यंत. १९७१ पासून हाफही कोरडाच.

सही करताना जॉन्सनसाहेबांनी लोकांना बजावलं होतं, की सरकारकडे चांदी भरपूर आहे, नाणी दडवून कुणाचा काही फायदा व्हायचा नाही. लोकांनी ऐकून घेतलं आणि घरी जाऊन बरण्या भरल्या. त्या बरण्या आता साठ वर्षांनी नातवंडं बँकेत नेऊन ओततात, आणि आमच्यासारखे त्या पुन्हा उपसतात.

मी फक्त हाफ डॉलरच्या मागे असतो. डाइम आणि क्वार्टर रोज हजारो हातांतून जातात, त्यातली चांदी कधीच वेचली गेली. हाफ मात्र कुणी वापरतच नाही. केनेडींच्या हत्येनंतर १९६४ मध्ये त्यांच्या चेहऱ्याचा हाफ आला तो लोकांनी आठवण म्हणून ठेवून दिला, आणि नाणं व्यवहारातून जे उठलं ते उठलंच. बहुतेक व्हेंडिंग मशिनं तो घेत नाहीत. कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलावर दीडपट पैसे चुकवायला लागतो, बाकी बँकेच्या तिजोरीत पडून. म्हणून त्यात अजून थोडा जीव आहे.

पद्धत अशी. बँकेत खातं पाहिजे. हेड टेलरला, म्हणजे काउंटरवरच्या मुख्य रोखपालाला, सांगून एक बॉक्स मागवायचा. एका रोलमध्ये २० हाफ, म्हणजे १० डॉलर. बॉक्समध्ये ५० रोल. हजार नाणी, ५०० डॉलर, वजन अकरा किलोंच्या वर. गाडीपर्यंत नेताना आपण भाजी मंडईतून परत निघालोय असं वाटतं.

घरी जुनी चादर अंथरायची. रोलच्या टोकाची मुडपलेली कड नखाने उकलायची, नाणी कागदासकट आडवी धरायची आणि अंगठ्याने किंचित तिरकी पसरायची. एकेक नाणं बघायचं नाही, कडा बघायच्या. एकोणीस कडांवर तांब्याची रेघ आणि मधेच एक पांढरी. आई ताटात तांदूळ निवडायची तेव्हा तिची नजर खड्यावर जायची, तांदळावर नाही. तसं. वीस-पंचवीस बॉक्स झाले की नजर बसते, एका रोलला सात-आठ सेकंद पुरतात.

४० टक्केवाला फसवतो. त्याच्या कडेलाही पुसट तांबूस झाक असते. शंका आली की सरळ सन बघायचं. ९० टक्केवाल्याला मात्र बघायचीही गरज नाही, टेबलावर टाका. तो खणखणीत वाजतो, आजचा हाफ बद्द. आजी रुपया दगडावर वाजवून घ्यायची म्हणतात, ते का, हे मला ओहायोतल्या कोलंबसला येऊन कळलं.

माझा १४ महिन्यांचा हिशोब: ३१ बॉक्स. ९० टक्केवाले ११ मिळाले: नऊ १९६४ चे केनेडी, एक १९५१ चा फ्रँकलिनच्या चेहऱ्याचा, एक १९४३ ची चालती लिबर्टी (स्वातंत्र्यदेवी). ४० टक्केवाले ४६, पण त्यातले २३ एकाच बॉक्समध्ये लागोपाठच्या रोलमधून आले. कुणाची तरी बरणी. १७ बॉक्स ठणठणीत कोरडे. पहिले पाच सलग कोरडे होते. सहावा बायकोने उघडू दिला हे तिचं मोठेपण.

आणि एक किस्सा. आणायचं एका बँकेतून आणि शोधून झालं की भरायचं दुसरीत, म्हणजे तीच नाणी परत पदरात पडत नाहीत, असा नियम सगळे सांगतात. मीही पाळतो. मागच्या नोव्हेंबरात एका हाफवर केनेडींच्या कानाच्या पाळीला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिसला. लेकीने "बाबा, यांनी कान टोचले" म्हणून दाखवला. साधा १९७४ चा, दुसऱ्या बँकेत भरून टाकला. सहा आठवड्यांनी पहिल्या बँकेतून बॉक्स आणला तर तोच कान, तोच ठिपका, शेजारी तोच आडवा ओरखडा. दोन्ही बँकांची नाणी फिरून एकाच गोदामात जात असणार.

इथे अजून कुणी करतं का? डाइमचा कुणाला अनुभव? आणि नाणी भरायला तिसरी बँक शोधावी का?

पिंपळपान

भारी धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

दोन शंका. एक, हे कायदेशीर आहे ना? दोन, एच-१बीवर हा जोडधंदा चालतो का? :D

चिल्लरबाज

दुसऱ्याचं आधी. धंदा असता तर चिंता केली असती.

पहिलं: तुम्ही ५०० डॉलर देऊन ५०० डॉलर घेता. त्यातलं नाणं ठेवून घेतलंत तर बदली पन्नास सेंट तुमच्याच खिशातून गेले. यात बेकायदा काही नाही. चांदीची नाणी वितळवायलाही आज बंदी नाही. १९६७ ते १९६९ अशी दोन वर्षं होती, मग उठवली. बंदी आहे ती पेनी (एक सेंट) आणि निकेल (पाच सेंटचं नाणं) वितळवायला, २००६ च्या डिसेंबरपासून, कारण तेव्हा त्यांचा धातूच दर्शनी किमतीपेक्षा महाग झाला होता. तसं मी वितळवत काहीच नाही. १९४३ ची ती बाई झेंडा अंगाभोवती घेऊन सूर्याकडे चालली आहे, तिला मुशीत घालायचं धाडस मला नाही.

हिशोबी_माणूस

धागाकर्त्याने आकडे दिलेच आहेत, तर बसून मांडतो. राग नसावा.

९० टक्के हाफमध्ये ०.३६१७ औंस शुद्ध चांदी, ४० टक्केवाल्यात ०.१४७९. भाव रोज उड्या मारतो, म्हणून औंसाला सरळ ३० डॉलर धरतो. ज्याला आजचा हवा त्याने त्या पटीत वाढवावा. ९० टक्केवाला १०.८५ डॉलर, ४० टक्केवाला ४.४४. अकरा आणि शेहेचाळीस मिळून ३२३ डॉलर आणि काही सेंट. ५७ नाण्यांची दर्शनी किंमत साडेअठ्ठावीस वजा. उरले २९५.

आता वेळ. बॉक्स आणणं, उघडणं, नाणी परत मोजून भरणं, सगळं मिळून दीड तास धरला (मला तर कमीच वाटतो). ३१ बॉक्सचे साडेशेहेचाळीस तास. तासाला ६ डॉलर ३४ सेंट. फेडरल किमान वेतन २००९ पासून ७.२५ आहे. पेट्रोल धरलेलंच नाही. शिवाय विकायला गेलात की ४० टक्केवाल्याला डीलर धातूच्या भावापेक्षा बराच कमी देतो.

तात्पर्य: बर्गर भाजा, जास्त मिळतील.

चिल्लरबाज

हिशोब बरोबर आहे, तक्रार नाही. फक्त एक घर चुकलंय. ते साडेशेहेचाळीस तास मी क्रिकेट बघत होतो. बर्गर भाजताना बघू देतील का?

आणि तुम्ही लॉटरीचं तिकीट घेता, नाही लागलं तर पैसे गेले. इथे न लागलेली तिकिटं बँक त्याच भावाने परत घेते. असा खेळ मला दुसरा माहीत नाही.

काउंटरपलीकडची

मी न्यू जर्सीत चार वर्षं टेलर होते, तेव्हा पलीकडच्या बाजूने लिहिते. बँकेचं नाव सांगणार नाही.

चिल्लरबाज, तुम्ही तो अकरा किलोंचा बॉक्स गाडीपर्यंत नेता, पण तिजोरीतून काउंटरपर्यंत तो आम्ही आणलेला असतो. माझ्या आधीच्या मुलीची पाठ एकदा अशीच धरली होती. आणि बॉक्स शाखेला फुकट येत नाही, नाणी आणणाऱ्या गाडीचा खर्च शाखेच्या माथी. त्यामुळे जो माणूस दर आठवड्याला मागवतो, दुसरा काही व्यवहार करत नाही आणि शोधून झालेली नाणीही आमच्याच गळ्यात आणून मारतो, त्याच्या नावाने आत काय बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यापेक्षा वाईट म्हणजे स्वतः गुंडाळलेले रोल कमी भरणारे. आमच्या शाखेत एक जण हाफचे रोल आणायचा. टोकांना केनेडी, मधे एक-दोन वॉशर. वजनाला बरोबर. तिसऱ्या खेपेला पकडला गेला. तेव्हापासून शाखेने सगळ्यांचेच हाताने गुंडाळलेले रोल फोडून मोजायचा हुकूम काढला. पाप एकाचं, शिक्षा रांगेला.

पण शिकण्यासारखी गोष्ट ही, की चांदी बॉक्समध्ये कमी आणि टेलरच्या ट्रेमध्ये जास्त असते. आमच्या ड्रॉवरला हाफचा वेगळा खणच नव्हता. कुणी दोन-चार सुटे हाफ आणून दिले की ते एका कपात टाकायचो आणि ती डोकेदुखी कोण घेऊन जाईल याची वाट बघायचो. जो नीट हसून बोलतो, गर्दीच्या वेळी येत नाही आणि "काही हाफ पडलेत का?" एवढंच विचारतो, त्याला आम्ही कप उपडा करून द्यायचो.

एक प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा सिगारची चपटी लाकडी पेटी घेऊन आला. आजोबा वारले, घर रिकामं करतायत, याच्या नोटा हव्यात. पेटीत ओळीने हाफ. सगळ्यात वरच चालत्या लिबर्टीचे, म्हणजे १९४७ पर्यंतचे. मी त्याला म्हटलं, बाळा, ही चांदी आहे, नाण्यांच्या दुकानात ने, एकेकाचे दहापट येतील. त्याने घड्याळ बघितलं. म्हणाला, दुकान कुठे शोधू, मला चारला ट्रक परत द्यायचाय. मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, फक्त नोटा द्या. ४३ डॉलर झाले. ८६ हाफ.

पिंपळपान

मग???

काउंटरपलीकडची

मग काय. नियम असा होता की स्वतःच्या ड्रॉवरमधून स्वतः काही बदलून घ्यायचं नाही, दुसऱ्या टेलरकडून रीतसर घ्यायचं, तेही मॅनेजरला सांगून. मी ४३ डॉलर दिले आणि घेतले. मॅनेजर म्हणाला, मला त्यातला एक दे, मुलाला दाखवतो.

कडूनिंब

सॉरी, पण हे मला पटलं नाही. त्या मुलाला किंमत कळली नव्हती. तुम्हाला कळली होती.

काउंटरपलीकडची

दोनदा सांगितलं हो. तिसऱ्यांदा सांगायचं म्हणजे त्याच्या हाताला धरून दुकानात नेणं. माझ्या काउंटरला सहा माणसं उभी होती.

मला टोचतं ते वेगळंच. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता, पेन्सिलीने सनं लिहिलेली, मिळेल तशी एकेक खोडलेली. १९३८ खोडलेलं नव्हतं. पेटी त्याने परत नेली. नाणी नको, पेटी हवी होती.

कडूनिंब

हं. मागे घेतो.

निवृत्त_खजांची

सांगलीहून लिहितो. एका बँकेत रोख विभागात चौतीस वर्षं काढली. नाण्यांच्या थैल्या मोजून बोटांची टोकं काळी व्हायची, ती सुट्टीच्या दिवशीही काळीच. एवढ्या वर्षांत थैलीत चांदीचं नाणं एकही आलं नाही, आणि येणारही नव्हतं. कारण तुमच्याकडे १९६५ ला जे झालं ते आमच्याकडे पंचवीस वर्षं आधी होऊन गेलं.

राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, बरोब्बर एक तोळा, त्यात सोळा आण्यांपैकी सुमारे पावणेपंधरा आणे चांदी. दुसऱ्या महायुद्धात चांदीची ओढ लागली आणि १९४० पासून सरकारने रुपयात चांदी निम्म्यावर आणली. बाकी तांबं, निकेल, जस्त. सहाव्या जॉर्जचा तो रुपया कडेवरून ओळखायचा. आडव्या रेघांच्या मधून एक खाच फिरवलेली असते, खोटं पाडणाऱ्याला अवघड जावं म्हणून. युद्ध संपल्यावर चांदी पूर्ण गेली आणि निव्वळ निकेलचा रुपया आला. लोकांनी राणीछाप घरात ठेवला आणि जॉर्जचा बाजारात चालवला. वाईट नाणं चांगल्याला हुसकावतं म्हणतात ते हेच.

तेव्हा आमच्याकडे चांदी बँकेत शोधायची नसते, देव्हाऱ्यात शोधायची. लक्ष्मीपूजनाच्या तबकात दर घरी एखादा रुपया निघतोच. सराफाकडे नेलात तर तो आधी वाजवतो, मग वजन करतो, मग बट्टा सांगतो. आणि चिल्लरबाजांनी अमेरिकेत बसून कुठलं नाणं वितळवावं हे ते बघतील, पण इथे चलनी नाणं वितळवणं हा २०११ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे वाचणाऱ्या पोरासोरांना सांगून ठेवतो.

अवांतर: हाफ डॉलर म्हणजे आमच्या हिशोबात अधेली आणि क्वार्टर म्हणजे पावली. तुमच्या अधेलीचं वजन किती?

चिल्लरबाज

काका, नमस्कार. ९० टक्केवाली अधेली साडेबारा ग्रॅमची, त्यात चांदी सव्वाअकरा. म्हणजे राणीछाप रुपयातल्यापेक्षा अर्धा ग्रॅम जास्तच भरते. आजची ११.३४ ग्रॅमची, चांदी शून्य.

अधेली हा शब्द आता मी घरात सुरू करणार आहे.

टोरांटोची_ताई

कॅनडाचं सांगते, कारण तुमच्या रोलमध्ये आमची नाणीही घुसतात. १९६६ पर्यंतचे आमचे डाइम आणि क्वार्टर ८० टक्के चांदीचे. १९६७ ला देशाची शताब्दी होती, क्वार्टरवर रानमांजर आणि डाइमवर मासा. त्या एकाच सनात काही ८० टक्के, काही ५० टक्के, वरून फरक दिसत नाही. १९६८ ला काही ५० टक्के आणि काही नुसत्या निकेलचे. इथे लोहचुंबक कामाला येतो. निकेल चिकटतं, चांदी चिकटत नाही. मी फ्रिजवरचा गणपती वापरते. :)

पण इथे आता मिळत नाही फारसं. आमची टांकसाळ स्वतःच जुनी नाणी चलनातून वेचून घेते. सरकारच शोधायला बसलं की आपण काय करणार.

डॅलसचा_दाजी

निकेलमध्येही चांदी असते असं ऐकलं. खरं का? आणि दर आठवड्याला ५००-५०० रोख काढली-भरली तर कुणी चौकशी करत नाही ना?

चिल्लरबाज

दाजी, चौकशी म्हणाल तर १०,००० डॉलरच्या वरच्या रोख व्यवहाराचा अहवाल बँक सरकारला पाठवते, आपण त्याच्या आसपासही नाही. फक्त अहवाल टळावा म्हणून मुद्दाम रक्कम तोडून तोडून भरायची नाही, तो स्वतंत्र गुन्हा आहे.

निकेलचं खरं आहे, पण सगळ्यांचं नाही. युद्धात निकेल धातू हवा होता म्हणून १९४२ च्या ऑक्टोबरपासून १९४५ पर्यंत पाच सेंटच्या नाण्यातून तो काढला आणि ३५ टक्के चांदी घातली, बाकी तांबं आणि मँगनीज. ओळख सोपी: मागच्या बाजूला जेफरसनच्या घराचा घुमट आहे, त्याच्या डोक्यावर टांकसाळीचं ठळक अक्षर, पी, डी किंवा एस. एवढं मोठं अक्षर दुसऱ्या कुठल्या निकेलवर त्या जागी नाही. १९४२ चे दोन्ही प्रकारचे आहेत, म्हणून सन बघून नाचू नका, घुमट बघा. रंगाने चांदी समजून शोधाल तर हुकेल. मँगनीजमुळे काळपट, मळकट पडतात, चुलीजवळ ठेवलेल्या पेल्यासारखे. बॉक्स १०० डॉलरचा, दोन हजार नाणी, आणि कड बघून इथे काहीच कळत नाही. एकेक उलटायचं. मी दोन बॉक्स केले, एक मिळाला, मान आखडली.

डाइमवाली_मावशी

इतका वेळ वाचत होते. डाइमबद्दल विचारलंत म्हणून लॉगिन केलं.

बॉक्स २५० डॉलरचा, २५०० डाइम, एका रोलमध्ये ५०. हाताला हलके, कड स्पष्ट दिसते, आणि भरायला कुठलीही बँक कां-कू करत नाही, कारण डाइम सगळ्यांना लागतात. माझी सरासरी चार-पाच बॉक्सला एक चांदी. भाव हिशोबी_माणसाचाच धरला तर एका डाइमचे २.१७ डॉलर. त्याने तासाचा दर काढू नये ही विनंती.

पण माझी खरी जागा वेगळी. किराणा दुकानात सुटे मोजायचं मशीन असतं ना, लोक बरण्या ओततात ते. त्याला चांदी ओळखता येत नाही, चिल्लरबाजांच्या कपड्यांच्या मशीनसारखंच, आणि ते नाणं खालच्या वाटीत टाकून देतं. लोक वाटी न बघता निघून जातात. मी दूध आणायला गेले की बोट घालून बघते. वाटीत एक भारतीय दोन रुपये, तीन कॅनेडियन सेंट, एक गंजका वॉशर आणि १९४४ चा मर्क्युरी (जुना चांदीचा) डाइम. असा ऐवज एका मंगळवारी मिळाला. दोन रुपये कुणाचे गेले असतील ते असोत, ते पण ठेवले.

हिशोबी_माणूस

मावशी, तासाचा दर काढत नाही. पण वाटीत बोट घालायला दोन सेकंद लागले आणि २.१७ मिळाले, म्हणजे हा या धाग्यातला सर्वात फायदेशीर व्यवहार आहे. मी उद्या दुधाला जातोय.

पिंपळपान

हिशोबी गळाला लागले!!

काउंटरपलीकडची

चिल्लरबाज, तिसऱ्या बँकेचं विचारलं होतंत. शोधा, पण जिथे नाणी मोजायचं मशीन ग्राहकांसाठी बाहेर ठेवलंय अशीच शोधा. म्हणजे टेलरचे शिव्याशाप लागत नाहीत. आणि जिथून आणता तिथे नाताळात एक डबा चकल्या नेऊन द्या. मी गंमत करत नाहीये.

चिल्लरबाज

अपडेट. चकल्या जमल्या नाहीत, बायकोने शंकरपाळे दिले. हेड टेलरने एक खाल्ला, डबा आत नेला आणि बाहेर येताना कप घेऊन आली. सहा सुटे हाफ. दोन १९६७ चे, म्हणजे ४० टक्के. एक १९६४. उरलेले तीन साधे. शंकरपाळ्यांचा दर हिशोबी_माणसाने काढावा.

शनिवारी बॉक्सही उघडला, बत्तिसावा. पन्नास रोल, हजार नाणी, एकही पांढरी कड नाही. सदतिसाव्या रोलमध्ये लेक ओरडली म्हणून बघितलं. केनेडींच्या कानाला लाल ठिपका, शेजारी आडवा ओरखडा. तिसऱ्यांदा आला.

या वेळी ठेवून घेतला.

हिशोबी_माणूस

५० सेंट खर्ची टाका.